हाऊसबोटीवरची रात्र : बोट कुठे बांधतात आणि का?

भरपूर पैसे मोजून घेतलेली हाऊसबोट संध्याकाळी साडेपाचलाच काठाला लागली, की बहुतेक पर्यटकांना आपण फसलो असे वाटते. पण ही फसवणूक नसते. उलट, बोट रात्री कुठे आणि कशी बांधली जाते, यावरच आपली झोप आणि आपल्या कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.

घड्याळात जेमतेम साडेपाच वाजले होते. डिसेंबरचे अखेरचे दिवस. केरळातल्या वेंबनाड सरोवरावर अजून चांगले ऊन होते. पाण्यातल्या खुंटांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते आणि आमची हाऊसबोट संथपणे चालली होती. माझा दहा वर्षांचा मुलगा सुकाणूजवळ ठाण मांडून बसला होता आणि ‘‘आई, आता रात्रभर असंच जायचं ना?’’ असे तिसऱ्यांदा विचारत होता.

तेवढ्यात चालकाने सुकाणू फिरवले. बोट मोठ्या पाण्यातून एका कालव्यात शिरली, नारळाच्या रांगेपाशी काठाला लागली आणि इंजिन बंद झाले. एका खलाशाने उडी मारून दोर बांधला, दुसऱ्याने काठावर फळी टाकली. आधीच तीन बोटी तिथे ओळीने उभ्या होत्या.

‘‘हे काय? बिघडली का बोट?’’ ह्यांनी विचारले.

‘‘नो सर. नाइट स्टॉप. मॉर्निंग एट ओ क्लॉक गोइंग,’’ चालक हसून म्हणाला.

ह्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. बडोद्याहून दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून आम्ही अलेप्पीला, म्हणजे आजच्या आलप्पुळाला आलो होतो. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ, असे एकवीस तासांचे पैसे भरले होते. त्यातले साडेपाच तास बोट फिरणार, जेवणाच्या वेळी तासभर थांबणार आणि उरलेली सगळी रात्र एका जागी उभी राहणार! ‘‘मग हॉटेलातच राहिलो असतो की! थोडे जास्त पैसे घे, पण चालव,’’ ह्यांनी हिंदीत सांगून पाहिले. चालक मान हलवत राहिला.

सासूबाई आतापर्यंत खुर्चीत गप्प बसून होत्या. त्यांचे माहेर मालवणजवळच्या खाडीकाठचे. वडील आणि भाऊ दोघेही मासेमारीतले. लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या त्याला पन्नास वर्षे झाली, पण काही बोलायचे असले की अजून माहेरची बोलीच तोंडात येते. त्या म्हणाल्या, ‘‘झिला, रातचा पाणी जाळेवाल्यांचा असता. तेका कित्याक ओरडतस?’’

त्या एका वाक्यात सारे उत्तर होते. ते आम्हाला नीट समजायला मात्र पूर्ण रात्र जावी लागली.

साडेपाचच का?

वेंबनाडवर पर्यटकांच्या हाऊसबोटींनी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला फिरणे थांबवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा निघायचे, असा नियम आहे. त्यामागचे पहिले कारण मासेमारी. सूर्य कलला की काठावरच्या गावांतून छोट्या होड्या निघतात आणि पाण्यात आडवी जाळी सोडतात. ही जाळी रात्रभर पाण्यात असतात आणि पहाटे उचलली जातात. ऐंशी फुटी हाऊसबोट अंधारात त्यांवरून गेली, तर इंजिनाचा पंखा जाळे गुंडाळून घेतो. जाळे फाटते, त्या रात्रीचे मासे जातात आणि नवे जाळे घ्यायचे तर मच्छीमाराला कर्ज काढावे लागते. इकडे पंखा अडकल्यामुळे हाऊसबोटही मधल्या पाण्यात लटकते, ती वेगळीच.

दुसरे कारण माणसांच्या जीवाचे. या छोट्या होड्यांवर मोठे दिवे नसतात. एखादा कंदील किंवा बॅटरी, तीही मासे पाहण्यापुरती. उंच, अवजड आणि वळायला वेळ घेणाऱ्या हाऊसबोटीच्या चालकाला अंधारात पुढ्यातली होडी दिसेलच याचा भरवसा नसतो.

तिसरे कारण प्रवाशांचे. अंधारात अपघात झाला तर मदत पोहोचायला वेळ लागतो आणि पाण्यात पडलेला माणूस दिसत नाही. केरळने याची किंमत मोजली आहे. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूर येथे खाडीच्या मुखाजवळ एक पर्यटक बोट उलटली आणि २२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुले बरीच होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि ती सूर्यास्तानंतर पाण्यात होती. ती हाऊसबोट नव्हती, सरोवरही हे नव्हते. पण ‘‘अजून एक फेरी मारू, अजून उजेड आहे,’’ हा मोह सगळीकडे सारखाच असतो.

म्हणून, ज्या चालकाने आमच्या जादा पैशांना नकार दिला, त्याचे खरे तर आभार मानायला हवे होते. जो चालक पैसे घेऊन साडेपाचनंतर बोट काढतो, तो इतर नियमही तितक्याच सहज मोडणारा असतो, हे लक्षात ठेवावे.

हे सरोवर म्हणजे कोणाचा तरी रस्ता

वेंबनाड हे आपल्या देशातले सर्वांत लांब सरोवर. त्याची लांबी सुमारे ९६ किलोमीटर. आलप्पुळा, कोट्टयम आणि एर्नाकुलम अशा तीन जिल्ह्यांना ते स्पर्श करते. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल, मूवाट्टुपुळा अशा नद्या त्यात येऊन मिळतात आणि कोचीजवळ ते समुद्राला मिळते. २००२ मध्ये या पाणथळ प्रदेशाला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

सरोवराच्या दक्षिणेला कुट्टनाड हा भाताचा प्रदेश आहे. इथली शेते समुद्रसपाटीपेक्षा खाली, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खाली आहेत. सरोवरातून बांध घालून, पाणी उपसून शेतकऱ्यांनी ही जमीन मिळवली. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे सरोवरावर आडवा बंधारा बांधलेला आहे. उन्हाळी पिकाच्या महिन्यांत त्याचे दरवाजे बंद करतात.

या सगळ्या पट्ट्यात लोकांचे येणेजाणे पाण्यावरूनच चालते. शाळेत जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या बायका, दूधवाला, सारे बोटीतून फिरतात. सरकारी प्रवासी बोटी एसटीसारख्या वेळापत्रकाप्रमाणे धावतात आणि त्यांतल्या काही अगदी पहाटे सुटतात. म्हणजे आपल्या दृष्टीने जे निसर्गदृश्य, तो इथल्या माणसाचा रस्ता, अंगण आणि शेतही आहे. रात्री बोट कुठे उभी करायची, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

नावातच बांधणे

हाऊसबोटीला मल्याळममध्ये केट्टुवळ्ळम म्हणतात. ‘केट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘वळ्ळम’ म्हणजे नाव. हे नाव काठाला बांधण्यावरून नव्हे, तर बोटीच्या बांधणीवरून पडले. अंजिली नावाच्या, फणसाच्या जातीतल्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरांनी एकमेकींना शिवतात. एकही खिळा लागत नाही. वरून काजूपासून बनवलेला काळा लेप देतात. नीट देखभाल केली, तर अशी नाव पिढ्यान्पिढ्या टिकते.

पूर्वी या नावा भात वाहून नेत. मोठ्या वळ्ळममधून तीस टनांपर्यंत माल जात असे. नावाडी लांब बांबूने पाण्याचा तळ रेटत नाव पुढे ढकलत आणि दिवसेंदिवस नावेतच राहत. पुढे रस्ते आणि पूल झाले, ट्रक आले आणि या नावा काठाला पडून राहिल्या. १९९०च्या दशकात त्यांवर बांबूच्या चटयांचे छप्पर, खोल्या, न्हाणीघर अशी सोय करून पर्यटकांसाठी त्या वापरात आल्या. आज या भागातल्या हाऊसबोटींची संख्या हजाराच्या घरात आहे. दिवसभर त्या सरोवरभर विखुरलेल्या असतात म्हणून गर्दी जाणवत नाही. साडेपाच वाजता मात्र या सगळ्यांना एकाच वेळी काठ हवा असतो.

मधल्या पाण्यात नांगर का टाकत नाहीत?

माझ्या मुलाने हाच प्रश्न चालकाला विचारला. केरळात परवानाधारक बोटचालकाला ‘स्रांक’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘सारंग’ या शब्दाचाच हा भाऊ. त्याने हातवारे करत, मोडक्या हिंदीत जे समजावले, त्याचा सारांश असा :

हाऊसबोटीचा तळ पसरट आणि उथळ असतो, पण वरचे घर उंच असते. वारा सुटला की हे घर शिडासारखे वारा धरते. मोकळ्या पाण्यात एका नांगरावर उभी असलेली बोट रात्री वाऱ्याबरोबर गोल फिरते, सरकते आणि सरोवराच्या चिखलात नांगर घट्ट बसेलच असे नाही. पाहता पाहता बोट जाळ्यांवर किंवा प्रवासी बोटींच्या वाटेवर जाऊन पोहोचते. शिवाय कोणी आजारी पडले, तर मधल्या पाण्यातून डॉक्टरकडे जायचे कसे?

म्हणून बोट काठाला लावायची. तीही नुसती एका दोराने नव्हे. पुढचा दोर काठावरच्या नारळाला किंवा पक्क्या खुंटाला, मागचा दोर दुसऱ्या खुंटाला. दोन्ही टोके बांधली म्हणजे बोटीची शेपटी कालव्यात वळत नाही. बोट आणि काठ यांच्यामध्ये जुने टायर लटकवतात, म्हणजे लाटेने बोट काठावर आपटली तरी फळ्यांना इजा होत नाही. दोर अगदी ताणून बांधत नाहीत, थोडी ढील ठेवतात. कारण शेजारून मोठी बोट गेली की पाणी उचलते आणि ताणलेला दोर एकतर तुटतो किंवा खुंट उपटतो. बंधाऱ्याचे दरवाजे उघडे असतात त्या दिवसांत भरतीओहोटीने पाणी वरखाली होते, तेव्हा ही ढील आणखीच महत्त्वाची.

सासूबाई उठून पुढे गेल्या आणि त्यांनी दोराची गाठ हाताने चाचपून पाहिली. ‘‘बरी आसा,’’ एवढेच म्हणाल्या. चालकाला भाषा कळली नाही, पण पावती कळली. ‘‘अम्मा नोज,’’ तो म्हणाला.

मुक्कामाच्या तीन जागा

रात्री बोटी साधारण तीन प्रकारच्या जागी बांधतात आणि प्रत्येकीचे बरेवाईट वेगळे असते.

पहिली जागा शहराजवळच्या धक्क्याची किंवा बोटमालकाच्या स्वतःच्या काठाची. इथे मदत लवकर मिळते, डॉक्टर जवळ असतो आणि किनाऱ्यावरून वीज मिळत असेल तर रात्रभर जनरेटर लावावा लागत नाही. तोटा असा की, बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. शेजारच्या बोटीवरचा नाच, गाणी आणि धूर सगळे आपल्या वाट्याला येते.

दुसरी जागा आतल्या कालव्यातल्या गावाच्या काठाची. कैनकरीसारख्या भागात अशा पुष्कळ जागा आहेत. शेताच्या बांधाला बोट लागते आणि एक गंमत पाहायला मिळते. बोटीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शेत, आणि शेत पाण्याच्या पातळीपेक्षा खाली! पाण्यावर उभे राहून खाली वाकून भाताची रोपे पाहायची. ही जागा शांत असते, पण घरे अगदी जवळ असतात. बांध अरुंद आणि ओला असतो, त्यामुळे अंधारात उतरणे धोक्याचे.

तिसरी जागा मोठ्या सरोवराच्या उघड्या काठाची. सूर्यास्त आणि सूर्योदय इथून फार सुंदर दिसतो. वारा मात्र थेट लागतो आणि बोट रात्रभर हलते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर आतला कालवा बरा. नवविवाहित जोडप्याला उघडा काठ आवडेल.

आपण कोणाच्या तरी अंगणात असतो

आमच्या बोटीपासून पंधरा पावलांवर एक घर होते. संध्याकाळी एक बाई पायरीवर बसून भांडी घासत होत्या. त्यांची मुलगी दिव्याखाली अभ्यास करत होती. शेजारच्या बोटीवर मोठ्याने गाणी सुरू झाली, तेव्हा त्या बाईंनी वर पाहिले, काही न बोलता मुलीला आत नेले आणि दार लावून घेतले. मला फार अवघडल्यासारखे झाले. आपल्या दारात रोज रात्री नवे पाहुणे येऊन गोंगाट करू लागले, तर आपण किती दिवस गप्प बसू?

याच पाण्यात गावकरी आंघोळ करतात, कपडे धुतात. हाऊसबोटींचा मैला, तेल आणि प्लास्टिक पाण्यात जाणे ही वेंबनाडची जुनी तक्रार आहे. बोटीवर मैल्याची बंद टाकी असणे आणि ती ठरलेल्या जागी रिकामी करणे आवश्यक असते. ते होते की नाही, याची चौकशी पर्यटकांनी केली, तर मालकही काळजी घेतात. आपल्याकडून निदान एवढे तरी व्हावे : पाण्यात काहीही टाकायचे नाही, रात्री गाण्यांचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, लोकांच्या घरांकडे दुर्बीण आणि कॅमेरे रोखायचे नाहीत.

उभ्या बोटीवरचे धोके

बोट थांबली म्हणजे धोका संपला, असे आपण समजतो. दिवसा मुलाच्या मागे मागे फिरणारी मीही बोट बांधल्यावर निर्धास्त झाले होते. साडेसातच्या सुमाराला मुलगा चेंडू आणायला एकटाच फळीवरून काठाकडे निघाला. फळी दवाने ओली होती. त्याचा पाय सटकला आणि तो एका हाताने दोराला लोंबकळला. खलाशाने धावत जाऊन त्याला वर ओढले. खाली बोट आणि काठ यांच्यामधली हातभर फट होती. तिथे पडलेले मूल बोटीच्या तळाखाली जाऊ शकते. त्यानंतर मी जीवरक्षक जाकिटे मागितली, तेव्हा ती स्वयंपाकघरामागे एका पोत्यात बांधून ठेवलेली निघाली!

दुसरा प्रसंग रात्री नऊनंतरचा. हाऊसबोटींवर बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात वातानुकूलन चालू असते आणि त्यासाठी जनरेटर लावतात. शेजारच्या बोटीच्या जनरेटरचे धुराडे नेमके आमच्या खिडकीसमोर येत होते. अर्ध्या तासात सासूबाईंचे डोके जड झाले, मला मळमळू लागले. आम्हाला वाटले, रात्रीचे तळलेले करिमीन बाधले. पण खोलीबाहेर मोकळ्या हवेत आल्यावर दोघींनाही बरे वाटू लागले, तेव्हा शंका आली. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे आणि झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. बंद खोलीत हा वायू जीव घेऊ शकतो.

आम्ही चालकाला उठवले. त्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. इंजिन सुरू न करता, दोर सोडून, जुन्या नावाड्यांप्रमाणे लांब बांबूने तळ रेटत दोघांनी बोट पन्नास फूट पुढे नेली आणि पुन्हा दोन्ही टोकांना बांधली. नियमही मोडला नाही आणि धूरही गेला.

तिसरा धोका आगीचा. लाकूड, बांबूच्या चटया, गॅसची शेगडी, वीज आणि डिझेल हे सारे एकाच ठिकाणी असते. जानेवारी २०२० मध्ये वेंबनाडवरच्या पाथिरामणल बेटाजवळ एका हाऊसबोटीला आग लागली. दिवसाची वेळ होती, पाणी उथळ होते आणि मदतीला माणसे धावली, म्हणून लहान मुलांसह सगळे प्रवासी वाचले. सगळ्यांचेच नशीब असे नसते. काश्मीरमधल्या दल सरोवरातल्या हाऊसबोटी केरळसारख्या फिरत नाहीत. त्या वर्षानुवर्षे एकाच जागी, शेजारी शेजारी बांधलेल्या असतात आणि तिथे शिकाऱ्याने जावे लागते. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे तिथे आग लागली. एका बोटीवरून दुसरीवर पसरत तिने अनेक हाऊसबोटी जाळल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक मृत्युमुखी पडले. बोटी एकमेकींपासून किती अंतरावर बांधल्या आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ शांत झोपेचा नाही.

बुकिंग करताना हे विचारा

बोटीचे फोटो, खोल्यांची सजावट आणि जेवणाचे पदार्थ आपण बारकाईने पाहतो. रात्रीबद्दल कोणी काही विचारत नाही. पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

● बोटीची नोंदणी आणि विमा आहे का? चालकाकडे परवाना आहे का? किती प्रवाशांची परवानगी आहे?

● बोट प्रत्यक्ष किती तास फिरेल आणि किती वाजता थांबेल? ‘‘एकवीस तास’’ या शब्दाला भुलू नका.

● रात्री बोट कुठे बांधणार? शहराजवळ, गावाच्या कालव्यात की उघड्या सरोवराकाठी? शेजारी किती बोटी असतील?

● वीज किनाऱ्यावरून मिळणार की जनरेटर चालणार? जनरेटरचे धुराडे खोल्यांपासून दूर आहे का?

● मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का? ती बोटीवर चढताच हातात मागून घ्या.

● आग विझवण्याचे साधन कुठे ठेवले आहे आणि ते चालवता कोणाला येते?

● रात्री बोटीवर कोणी कर्मचारी राहणार का? काही बोटींवर जेवण वाढून झाल्यावर माणसे घरी निघून जातात. निदान एक माणूस बोटीवर हवाच.

मुक्कामाला थांबल्यावरही थोडी काळजी घ्यावी. उजेड असतानाच फळी, दोर आणि काठ नीट पाहून ठेवावा. अंधार पडल्यावर मुलांना मोठ्यांशिवाय फळीवर किंवा पुढच्या मोकळ्या भागात जाऊ देऊ नये. उशाशी बॅटरी ठेवावी. मद्यपान करून पाण्यात उतरणे किंवा काठावरून बोटीत उडी मारणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. खोलीचे दार आतून असे लावावे की गडबडीत चटकन उघडता येईल.

आणि ज्यांना फिरण्याचीच हौस आहे, त्यांनी हाऊसबोट थांबल्यावर हिरमुसून बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी छोटी वल्ह्याची होडी घ्यावी. हाऊसबोट जिथे शिरू शकत नाही अशा अरुंद कालव्यांत ती जाते आणि कुट्टनाडचे खरे जीवन त्या कालव्यांतच दिसते.

पहाटेचे पाणी

पहाटे पाचच्या आधी सासूबाईंनी मला हलवून उठवले. ‘‘चल, बघ.’’ आम्ही दोघी पुढच्या बाजूला जाऊन बसलो. पाठोपाठ मुलगाही डोळे चोळत आला. कालव्याच्या तोंडापाशी, जिथे मोठे पाणी सुरू होते, तिथे धुक्यात चारपाच दिवे हलत होते. एकेका होडीत एकदोन माणसे. एकजण वल्हे धरून होता, दुसरा वाकून जाळे ओढत होता. कालव्याच्या तोंडापासून पार दूरपर्यंत, जिथून ह्यांना रात्री बोट न्यायची होती, त्याच पाण्यात ही जाळी होती.

मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘आजी, आपण रात्री गेलो असतो तर त्यांचं जाळं फाटलं असतं ना?’’

‘‘फाटला असता. आणि घरात चूल पेटली नसती,’’ आजी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनी सांगितले की, त्या लहान असताना एकदा एका गलबताने त्यांच्या वडिलांचे जाळे असेच तोडून नेले होते. त्या वर्षी शाळेची पुस्तके आली नाहीत. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी आमच्या घरात कधी सांगितली नव्हती.

तेवढ्यात एक होडी आमच्या बोटीजवळून गेली. आमच्या स्रांकने तिला हाक मारली. ह्यांनी तोपर्यंत चहाचे कप बाहेर आणले होते. त्यांनी एक कप त्या मच्छीमारापुढे केला. त्याने तो घेतला, उभ्याउभ्याच प्यायला आणि कप परत देताना जाळ्यातली दोन करिमीन आमच्या आचाऱ्याच्या हातात ठेवली. गोव्याकडे जिला कालुंदर म्हणतात तीच ही मासळी. सासूबाईंनी ती लगेच ओळखली.

आठ वाजता इंजिन सुरू झाले. होड्या केव्हाच घरी परतल्या होत्या. पाणी मोकळे होते. ह्यांनी तासभर सुकाणूजवळ बसून चालकाशी गप्पा मारल्या आणि उतरताना, काल जादा फिरवण्यासाठी देऊ केलेले पैसे त्याला बक्षीस म्हणून दिले. या वेळी त्याने ते घेतले.